रशीदभाईंच्या थैल्या

श्रावणातला दुसरा सोमवार, साल १९९९. वेळ सकाळी साडेदहा. ठिकाण: माझा टायपिंगचा क्लास.

हजर: मी, म्हणजे क्लासची मालकीण, शिक्षिका आणि झाडणारीही, मेकॅनिक रशीदभाई, निवृत्त मुख्याध्यापक काळे गुरुजी, सुनीता (पैंजण), सुनीता (मांजर), आणि लातूरहून नवा कॉम्प्युटर घेऊन आलेला टेम्पोवाला. कंसातल्या शब्दांचा खुलासा पुढे येईल.

गैरहजर: विश्वनाथअप्पा.

काम: जुना कॉम्प्युटर टेम्पोत चढवणे, नवा टेबलावर बसवणे.

अर्ध्या तासाचं काम होतं. संध्याकाळ झाली तरी पुरं झालं नाही, आणि त्याला कारण रशीदभाई. म्हणून आधी रशीदभाई सांगते.

रशीदभाई बोलायला सुरुवात करत नाहीत. ते पुढे चालू करतात.

हे माझ्या लक्षात आलं ते फार पूर्वी. आठ महिन्यांनी ते क्लासात आले होते. दारात चपला काढता काढता म्हणाले, "म्हणून त्याची स्प्रिंग तोडायची न्हाई, नुसती सरकवायची."

"कशाची?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे दुखावल्यासारखं बघितलं. "चार नंबरच्या मशीनची, बाई. तुमी इचारलं व्हतं न्हाई का, स्प्रिंग बदलावी का म्हणून? तवा मला बाहेरून हाक आली आन् मी उठलो. जवाब राहिला व्हता तुमचा."

आठ महिने त्यांनी माझा जबाब सांभाळून ठेवला होता. नमस्कार, खुशाली, पाऊसपाणी हे सगळं त्यांच्या लेखी बिनकामाचं. गेल्या वेळी बोलणं जिथे तुटलं तिथेच ते पुन्हा जोडतात. एकदा एका लग्नाच्या मांडवात त्यांनी वडवणीच्या एका पाहुण्याला गाठून विनोदाचा फक्त शेवट सांगितला. सुरुवात दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या लग्नात सांगितली होती. पाहुणा भांबावून हसला, आणि मग जेवताना दोनदा मला विचारून गेला, "ते मघाचे कोण हो?"

आणखी एक. एकाचं बोलणं ते दुसऱ्याजवळ चुकूनही काढत नाहीत. टाइपरायटर, शिलाई मशीन, रेडिओ, गिरणी, काहीही बिघडलं की गावातल्या प्रत्येक घरात त्यांना आत बोलावतात. घराघरातलं सगळं त्यांच्या कानावर पडतं. मी एकदा सहज विचारलं, "गुरुजींच्या घरचं मिटलं का हो?"

"ते गुरुजीच्या थैलीत हाय, बाई," ते स्क्रू पिळत म्हणाले. "तुमच्या थैलीत चार नंबरची स्प्रिंग हाय."

ज्याचं त्याच्या थैलीत. हे त्यांचं पेटंट वाक्य. दुसरं वाक्य: "पाळी कुणाची हाय?" या दोन वाक्यांवर हा माणूस पन्नास वर्षं चालला आहे.

माझं म्हणाल तर मी याद्यांवर चालते. सोमवारी सकाळी आठवड्याच्या कामांची यादी, झालेल्या कामापुढे खूण, आणि शनिवारी सगळ्या खुणा झाल्या की यादीचे चार तुकडे करून टोपलीत. त्या फाडण्याच्या आवाजाइतकं सुख मला दुसऱ्या कशातही मिळत नाही. हेही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

टायपिंग शिकून नोकरी लागते यावरचा लोकांचा विश्वास उडायला लागला, ते हे दिवस. स्टँडसमोर एसटीडीचे पिवळे बूथ आले, पत्र्याच्या घरांवर डिशच्या छत्र्या आल्या, आणि केजमध्ये एका गल्लीत तीन तीन कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागल्या. मीही एक जुना कॉम्प्युटर घेतला. पिवळट अक्षरांचा, पोटात काही साठवून न ठेवणारा. एका खाचेत प्रोग्रामची मोठी पातळ फ्लॉपी घालायची, दुसऱ्या खाचेत आपली.

रशीदभाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं झाकण उघडलं, आत टॉर्च मारला, आणि खिन्न होऊन बसले.

"बाई, ह्याच्यात तर पंख्याबिगर काईच हालत न्हाई!"

दोन दिवस त्यांनी त्या मशीनकडे पाठ केली. तिसऱ्या दिवशी स्टूल ओढून म्हणाले, "मंग ह्याला हालवायचं कसं?" मी त्यांना बेसिक या प्रोग्रामच्या भाषेचं पुस्तक वाचून दाखवायला लागले. त्यांचं इंग्रजी टाइपरायटरपुरतं, म्हणजे अक्षरं सगळी आणि शब्द थोडे. पण सहा महिन्यांत त्यांनी त्या मशीनला बोलतं केलं.

त्या खेळाचं नाव 'कंडक्टर'. इंग्रजी अक्षरांत पण मराठी भाषेत पडद्यावर ओळ येते: "बसा. नाव काय? सामान काय?" आपण टाइप करून उत्तर द्यायचं. मग कंडक्टर आपल्याशी बोलत बोलत आपल्याला गावापासून अलिबागच्या समुद्रापर्यंत नेतो. केज, मांजरसुंबा, बीड, जामखेड, नगर, पुणे. एकूण पंचवीस थांबे. दर थांब्यावर तो काहीतरी विचारतो, आपण आधी सांगितलेलं मधेच आठवून टोमणाही मारतो. उत्तर त्याला पटलं तर गाडी पुढे. नाही पटलं तर "उतरा, मागून गाडी येतीय", आणि त्या दिवशीचा खेळ बंद. मशीन पोरकट होतं, पण बोलणं अगदी रशीदभाईंचं होतं. टायपिंगला कंटाळलेल्या मुलींनी गर्दी केली आणि त्यांच्या मागून मोठी माणसंही आली.

पहिल्याच आठवड्यात घोटाळा झाला. सुनीता नावाची एक विद्यार्थिनी खेळून गेली. तिने सामानात मेंदीचा कोन आणि एक शेळी घेतली होती. तिच्यानंतर काळे गुरुजी बसले. गुरुजी म्हणजे गावातल्या तीन पिढ्यांच्या पाठीवर ज्यांच्या छडीची आठवण आहे ते. त्यांनी ताठ बसून एका बोटाने नाव लिहिलं. पडद्यावर ओळ उमटली: "ताई, मेंदी वाळली का? शेळी मांडीवर घ्या."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"रशीद, हे यंत्र मला काय समजतंय?"

मुली तोंडात ओढणी कोंबून बाहेर पळाल्या. रशीदभाई मात्र हसले नाहीत. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. "गलती माझी हाय, गुरुजी. एकीचं सामान दुसऱ्याच्या शिटावर ठिवलं."

आठवडाभर त्यांनी कुणाला मशीनला हात लावू दिला नाही. मग प्रत्येकाला वेगळी फ्लॉपी केली, तिच्यावर त्या माणसाचा प्रवास, सामान आणि अर्धवट बोलणं. दर उत्तरानंतर ते तिच्यावर उतरायचं, म्हणजे लाईट गेली तरी गाडी तिथेच उभी. प्रत्येक फ्लॉपीला त्यांनी स्वतः मशीनवर शिवलेली कापडी थैली केली आणि भिंतीवर ओळीने खिळे ठोकून थैल्या टांगल्या. माझ्या क्लासची ती भिंत बोहारणीच्या गाठोड्यासारखी दिसायला लागली.

थैलीवर नाव लिहायला त्यांनी नकार दिला. "नावं डबल निघतेत, बाई." ते खरंच होतं, दुसरी सुनीता महिन्याभरात आलीच. तेव्हा त्यांनी प्रत्येकाला कानात एक प्रश्न विचारला: "तुमी काय हरवलं व्हतं?" जे उत्तर येईल ते थैलीवर. एका सुनीताचं पैंजण, दुसरीचं मांजर. गुरुजींनी बराच विचार करून "छत्री" सांगितलं. "हरवलेली गोष्ट माणसाला सोडून दुसऱ्या कुणाला आठवत न्हाई," असं रशीदभाईंचं म्हणणं. "डबल निघायचा सवालच न्हाई."

मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मी काही हरवत नाही." आणि ते खरं होतं. माझी थैली शेवटच्या खिळ्यावर कोरीच राहिली.

आता विश्वनाथअप्पा.

क्लासच्या खाली अप्पांचं कापडाचं दुकान होतं. कपाळाला भस्म, डोक्याला पांढरी टोपी, आणि तोंडात गिऱ्हाइकासाठी साखर, रशीदभाईंसाठी शिव्या. दोघं शाळेपासूनचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाच्या फळीवर सोंगट्यांचा पट मांडायचे. या खेळात त्यांचा एकच कायदा होता: दुसऱ्याच्या पाळीत तोंड उघडायचं नाही. एकदा पाळी रशीदभाईंची असताना दुकानात बैल शिरला. अप्पांनी नुसतं बोट दाखवलं. बैलाने धोतरजोडी चघळली, पण अप्पा बोलले नाहीत.

अप्पांच्या थैलीवर "लाल सोंगटी" होतं. "आन् ती ह्यानंच हरवलीय," अप्पा सांगायचे. "चौथीत व्हतो आमी. अजून दिली न्हाई बे मला."

"हुडकतोय," रशीदभाई म्हणायचे. चाळीस वर्षं ते पटावर लाल सोंगटीच्या जागी कोटाचं बटण वापरत होते.

अप्पा कंडक्टर खेळायचे म्हणजे भांडायचेच. एका बोटाने टाइप करायचे आणि तोंडाने मोठ्याने वाचायचे: "कावून बे कंडक्टरा, मला खिडकी कावून देत न्हाईस?" कंडक्टर पडद्यावर म्हणायचा, "खिडकी पाहुण्याला. तुमी घरचे." मागे उभे राहून रशीदभाई स्वतःच्याच वाक्यावर खुदूखुदू हसायचे.

मग अप्पांच्या मुलाला पुण्यात मोठ्या कंपनीत नोकरी लागली. त्याने फ्लॅट घेतला, आणि एकट्या वडिलांना गावात ठेवणं बरं दिसत नाही म्हणून अप्पांना न्यायला जीप घेऊन आला. दुकानाचं शटर ओढलं. सामान चढलं. अप्पा जीपमध्ये न बसता जिना चढून क्लासात आले. त्यांचा खेळ तेव्हा मांजरसुंब्याच्या फाट्यावर होता.

"माझी गाडी थांबीव बे."

"थांबली," रशीदभाई म्हणाले.

दोघांनी एकमेकांना एवढंच म्हटलं. रशीदभाईंनी खालून जीप सुरू झाल्याचा आवाज ऐकला आणि लाल सोंगटीची थैली झटकून पुन्हा खिळ्याला लावली.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. त्यावर ना खुशाली, ना आशीर्वाद. फाट्यावर कंडक्टरने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर, एक ओळ. रशीदभाईंनी थैली काढली, अप्पांचं उत्तर जसंच्या तसं टाइप केलं, पडद्यावर जे आलं ते कार्डावर उतरवलं आणि टपालपेटीत टाकून आले. असं दीड वर्ष चाललं. खरे अप्पा पुण्यात, खेळातले अप्पा बीडच्या अलीकडे.

एकदाच गडबड झाली. अप्पांनी घाईत पत्त्यावर नुसतं "कंडक्टर साहेब" आणि गावाचं नाव लिहिलं, त्यामुळे कार्ड थेट स्टँडवर गेलं. मजकूर असा: "मी वीस दिवसांपासून लिंबाखाली बसून आहे. गाडी कधी हलणार ते कळवणे." स्टँडवरच्या साहेबांनी ती तक्रार समजून चौकशी लावली. शेवटी रशीदभाईंना जावं लागलं.

"हे प्रवासी सध्या कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"पुण्याला. लेकाकडं."

"मग लिंबाखाली कोण बसलंय?"

"तेच."

साहेबांनी त्यांना बसायला सांगून पाणी पाजलं म्हणे.

माझ्या व्यवस्थित डोक्याला मात्र एक गोष्ट खटकत होती. गुरुजी सतरा दिवसांत समुद्राला पोचले आणि पेढे वाटले. पैंजण पोचली, मांजर पोचली. अप्पाच कसे पोचत नाहीत? मी विचारलं तर रशीदभाई म्हणाले, "ते अप्पाच्या थैलीत हाय."

या वर्षी फाल्गुनात अप्पांचा मुलगा दुकान विकायला आला. त्याच दिवशी परत निघायची त्याला घाई. जिन्यातच म्हणाला, "काकू, पुढच्या महिन्यात आम्ही मोठ्या फ्लॅटमध्ये जातोय. नवा पत्ता लिहून घ्या. बाबांची पत्रं येतात ना इकडे." माझ्या हातात आठवड्याची यादी होती. तिच्या पाठीमागे पत्ता लिहून घेतला. रशीदभाई त्या दिवशी घाटनांदूरला गिरणी दुरुस्त करायला गेले होते. आले की देऊ, असं ठरवलं. शनिवारपर्यंत ते आलेच नाहीत. शनिवारी संध्याकाळी माझ्या यादीतल्या सगळ्या कामांपुढे खुणा झाल्या होत्या.

मी यादीचे चार तुकडे केले.

हे मला कळलं तेव्हा टोपली रिकामी होऊन चार दिवस झाले होते. मी रशीदभाईंना काही बोलले नाही. त्यांच्याकडे जुना पत्ता होता, अप्पा काय आज ना उद्या नवा कळवतीलच, अशी माझी समजूत.

चैत्रात अप्पांचं कार्ड आलं, जुन्याच पत्त्यावरून. त्यात कंडक्टरच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. उलट प्रश्न होता. "कंडक्टर, परतीची गाडी हाय का?"

रशीदभाईंनी ते कार्ड मला वाचायला दिलं. दुसऱ्याच्या थैलीतलं त्यांनी मला दाखवलं अशी ती पहिली वेळ.

"आहे म्हणून कळवा की," मी म्हणाले.

"न्हाई ना, बाई. माझी गाडी निस्ती जाती. परत यायचं मी लिवलंच न्हाई कुणासाठी." ते मशीनकडे बघत राहिले. "आन् स्टँडला गाडी लागल्याबिगर बसा म्हणायचं न्हाई."

पाच आठवडे ते रोज दुपारी येऊन परतीचा रस्ता लिहीत होते. वैशाखात उत्तराचं कार्ड गेलं: "हाय. बसा." ज्येष्ठात ते परत आलं. वर पोस्टाची ओळ: पत्त्यावर राहत नाहीत.

आता अडचण समजून घ्या. अप्पांनी प्रश्न विचारला. पाळी कंडक्टरची. कंडक्टरचं उत्तर येईपर्यंत अप्पा दुसरं कार्ड लिहिणार नाहीत. बैल धोतर खात असताना जो माणूस बोलला नाही तो आता बोलेल असं मला वाटत नव्हतं, आणि रशीदभाईंना तर नव्हतंच नव्हतं. म्हणजे पुण्यात कुठल्या तरी मोठ्या फ्लॅटमध्ये अप्पा बसले आहेत, आणि परतीची गाडी नाही असं समजून चालले आहेत.

मी यादी केली. दुकानाच्या नव्या मालकाकडे चौकशी: त्याच्या कागदांवरही जुनाच पत्ता. वडवणीला अप्पांच्या बहिणीला पत्र. उत्तर नाही. मग आठवडी बाजाराच्या दिवशी मी स्वतः वडवणीला गेले. म्हातारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. म्हणाली, "मलाबी ठाव न्हाई गं बाई. दिवाळीला आला तर आला. आमच्याकडं कुठं फोन हाय?"

आणि श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी नवा कॉम्प्युटर आला. जुना त्याच टेम्पोतून परत द्यायचा, असं ठरलं होतं. नव्याची खाच बारीक. मोठी फ्लॉपी त्यात जातच नाही.

गुरुजी आणि दोन्ही सुनीता आपापल्या थैल्या आठवण म्हणून घरी न्यायला आल्या होत्या. टेम्पोवाल्याने वायरींना हात घातला तसे रशीदभाई मधे उभे राहिले.

"ही मशीन जाणार न्हाई."

"काका, मला लातूर गाठायचंय," टेम्पोवाला म्हणाला.

"गाठा की. ही मशीन सोडून."

गुरुजींनी समजुतीचा सूर काढला. "रशीद, सोपं आहे. अप्पांच्या वतीने तूच लिही, 'बसलो' म्हणून. त्यांना आणून सोड गावात. खेळ संपव."

"पाळी अप्पाची हाय, गुरुजी."

"अरे, पण अप्पांना पाळी आल्याचं ठाऊकच नाही!"

"म्हणून त्यांची पाळी सरती का?"

तीन पिढ्यांत गुरुजींना असा उलटा प्रश्न कुणी टाकला नसावा. मांजरवाल्या सुनीताने मार्ग काढला. "सगळा प्रोग्राम कागदावर छापून घेऊ. मी नव्या मशीनवर पुन्हा टाइप करते." आणि रशीदभाई हो-नाही म्हणायच्या आत तिने प्रिंटर चालू केला.

कर्रकर्र आवाज करत कागद बाहेर यायला लागला. मुलींनी धरला, मी धरला. पंचवीस थांबे आले आणि गेले. कागद थांबेना. त्यापुढे नुसते अप्पांचे थांबे. मांजरसुंब्याच्या फाट्यानंतर लिंब. लिंबानंतर एक विहीर, जिच्यात चौथीत असताना दोघांनी गुरुजींची छडी टाकली होती. ("तरीच!" असं गुरुजींच्या तोंडून निघून गेलं.) मग एक रसवंती. मग अप्पांच्या लग्नाची बैलगाडी जिथे अडकली होती तो ओढा. दर कार्डानंतर एक नवा थांबा, आणि त्यातला प्रत्येक बीडच्या अलीकडे.

मला तेव्हा उमगलं. हा माणूस दीड वर्ष अप्पांना पुण्याला पोचूच देत नव्हता.

त्यानंतर परतीचा रस्ता. तोच, उलटा. ओढा, रसवंती, विहीर, लिंब, फाटा, केज, गाव. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरच्या तोंडी एक ओळ होती: "अप्पा, उतरा. लाल सोंगटी घावली."

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते खिळ्यांकडे बघत होते.

"खरंच सापडली?" मी विचारलं.

"लई वर्सं झाली. हत्याराच्या पेटीतच व्हती." ते लाल सोंगटीची थैली कुरवाळत होते. "दिली असती तर बटण काढावं लागलं असतं. अप्पाला बटणावर चिडायची सवय लागली व्हती."

मांजरवाल्या सुनीताने प्रिंटर बंद केला. टेम्पोवालाही खाली जाऊन बसला.

मग मी सांगून टाकलं. मुलगा आला होता, पत्ता दिला होता, यादीच्या पाठीमागे लिहिला होता, शनिवार होता. सगळ्यांदेखत सांगितलं, कारण एकेकाला सांगायचं धैर्य मला झालं नसतं. मला वाटलं, हे आता चिडतील. चिडायलाच हवं होतं.

ते शेवटच्या खिळ्यापाशी गेले. माझी कोरी थैली काढली, कानावरची पेन्सिल घेतली आणि जाड अक्षरात तिच्यावर लिहिलं: "पत्ता".

"आता डबल निघत न्हाई," ते म्हणाले. थैली परत खिळ्याला लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पत्ता तुमी हरवला बाई, टाइम मी हरवला. त्याच दिवशी 'हाय' म्हणलो असतो तर कार्ड पोचलं असतं. गाडी मागून लिवता आली असती."

टेम्पो रिकामा गेला. नवा कॉम्प्युटर टेबलावर बसला, जुना खिडकीपाशी स्टुलावर. दर सोमवारी रशीदभाई तो चालू करतात, लाल सोंगटीची फ्लॉपी घालतात, वाचतात आणि बंद करतात. पडद्यावर "हाय. बसा." असं असतं, आणि खाली उत्तराच्या जागी चौकोन लुकलुकत असतो. ते एकही कळ दाबत नाहीत.

त्या सोमवारची यादी माझ्यासमोर आहे. तिच्यावर नंतर मी आणखी कामं वाढवली. नवा कॉम्प्युटर बसवणे: झालं. छापलेला प्रोग्राम नव्यावर टाइप करणे: झालं. वडवणीला दुसरं पत्र: झालं. पुण्यात राहणाऱ्या गावच्या चार जणांना पत्रं: झाली. दिवाळीला अप्पा आले तर दुकानाच्या जुन्या फळीवर पट मांडायला नव्या मालकाची परवानगी: घेतली.

कितीतरी शनिवार गेले, ती यादी मी फाडलेली नाही. शेवटच्या ओळीपुढे खूण नाही. अप्पांना कळवणे: परतीची गाडी आहे.